कोंबडीकडे न बघणारं कुत्रं

माझ्या धाकट्या भावाने मला फसवलं. राहुरीच्या अलीकडे त्याची वस्ती आहे. तिथे भर दुपारी लिंबाखाली खाट टाकून, चहा पाजून फसवलं. माझी चालू स्थितीतली कडबाकुट्टी, म्हणजे चारा कापायचं यंत्र, त्याने घेतली आणि बदल्यात मला एक कुत्रं दिलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे बराच वेळ सशाबद्दल लिहायचं आहे आणि वाचणाऱ्याला वाटेल, ही बाई भावाला विसरली. विसरलेली नाही.

मी सहजासहजी फसत नाही. एका गाईवर मी धंदा सुरू केला होता. गुरांच्या बाजारात तेव्हा बायका गाय विकायला आलेल्या नवऱ्याची भाकरी घेऊन यायच्या; मी गाय घ्यायला जायचे. व्यापारी आधी हसायचे. मग मी गाईच्या तोंडात हात घालून दात मोजायला लागले की हसणं थांबायचं. मी चारही सड पिळून बघायचे. कासेला हात लागल्यावर ती पाय उचलते का, ते बघायचे. दहा पावलं चालवायचे, परत फिरवायचे. आणि शेवटी विकणाऱ्याच्या तोंडून बोली घ्यायचे. बोली म्हणजे चार माणसांसमोर दिलेला शब्द. गरीब आहे, लाथ मारत नाही, चारी सडांना साफ आहे. यातलं काही खोटं निघालं तर जनावर परत. पण जे तुम्ही विचारलंच नाही, त्याची जबाबदारी विकणाऱ्यावर नाही. म्हणून विचारायचं काय, हे ज्याला कळलं त्याला बाजार कळला. मला कळला होता, असं मी समजत होते.

आता गाई नाहीत. सावेडीत दुधाचं दुकान आहे, त्याच्या मागे घर आणि अंगण. अंगणातून दोनदा रिकामे कॅन चोरीला गेले. तेव्हा कुत्रं पाळायचं ठरलं. अडचण एकच होती, घरात ससा होता.

ससा मुलीचा. ती पुण्याला नोकरीला गेली, तिच्या खोलीवर जनावर ठेवू देत नाहीत, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. तपकिरी, पोटाला पांढरा, एक कान जरा खाली पडलेला. सुरुवातीला मला त्याचा रागच होता. दूध नाही, अंडं नाही, राखण नाही. दिवसभर खायचं आणि मिऱ्याएवढ्या लेंड्या टाकायच्या. पण जनावर समोर असलं की माझी नजर त्याच्यावरून हलत नाही, ती जुनी खोड आहे. हळूहळू मला कळायला लागलं की हा मुका प्राणी दिवसभर काहीतरी सांगत असतो. आनंदात असला की जागच्या जागी उडी मारून अंग पिळतो. कपाळावर बोट फिरवलं की दात बारीक कटकट वाजवतो. राग आला की माझ्याकडे पाठ करून बसतो. आमचे हे म्हणायचे, "तुझंच पोरगं शोभतं." मी सशाला नाव घेऊन हाक मारत नव्हते, मुलीने ठेवलेलं इंग्रजी नाव माझ्या तोंडात बसत नव्हतं. मी "ए ससोबा" म्हणायचे आणि तो यायचा.

तर भावाकडे गेले तेव्हा मी कुत्र्याची बोली घेतली. भाऊ, त्याची बायको आणि शेजारच्या शेतातले एक आजोबा, एवढी माणसं होती.

"रात्री भुंकतं का?"

"चोर आला तर वस्ती उठवतं, आक्का."

"आणि दिवसा?"

"दिवसा गप पडून असतं. बघ की, तू आल्यापास्नं त्याचा आवाज ऐकला का?"

खरंच ऐकला नव्हता. मग मी खाटेवर पुढे सरकून बसले आणि मला सगळ्यात हुशार वाटलेला प्रश्न विचारला. "घरात माझ्याकडे ससा आहे. लहान जनावराला हे काही करतं का?"

भाऊ हसला. "लई गरीब हाय गं. कोंबडी समोरनं गेली तरी तोंड फिरवतं. बघत सुदीक न्हाई."

आणि त्याच वेळी एक कोंबडी तिथून गेली. कुत्रं साखळीला बांधलेलं होतं. कोंबडी त्याच्या पुढच्या पायांपासून हातभर अंतरावर माती उकरत होती. त्याने मान वळवली आणि भिंतीकडे बघत बसलं. गाईने असं केलं असतं तर मी म्हटलं असतं, गरीब जनावर, डोळे झाकून घ्या. मी तेच म्हटलं. भावजय त्या वेळी कपबशा उचलत होती. ती काहीतरी बोलायला थांबली असं मला वाटलं, पण भाऊ म्हणाला, "अगं, आक्काला शेंगा बांध," आणि ती आत गेली.

कुत्रं घरी आलं. ससा रोजच्या सवयीने दिवाणखान्यात मोकळा होता. नवीन काय आलं ते बघायला तो पुढे आला, कान उभे करून, नाक हलवत, तीन उड्या आणि थांबणं, तीन उड्या आणि थांबणं. कुत्र्याने त्याला पाहिलं आणि असा आवाज काढला की दुकानात उभं असलेलं गिऱ्हाईक पिशवी टाकून पळालं. ससा जागच्या जागी दगड झाला. मग मागच्या पायाने एकदा फरशीवर धप्प आपटलं आणि सोफ्याखाली गेला. कुत्रं भुंकत राहिलं. मी साखळी ओढून त्याला अंगणात नेलं, तिथूनही भुंकत राहिलं. खिडकीतून ससा दिसला की भुंके, दिसला नाही की दार बघून भुंके.

मी भावाला फोन केला. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शेवटी एवढंच म्हणाला, "नवीन जागा हाय, आक्का. दोन दिवसांत रुळतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सशापुढे ठेवलेली मेथी तशीच होती. लसूणघासही तसाच. आणि लेंड्या नव्हत्या. सोफ्याखाली बॅटरी मारून बघितलं, चार होत्या, त्याही मोहरीएवढ्या. पोटावर हात ठेवला तर पोट घट्ट. मला गाय आठवली. गाईने रवंथ बंद केलं की घरातली माणसं जेवत नाहीत, कारण पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत असतं. मी सशाला दुधाच्या क्रेटमध्ये घालून स्कूटरवर पायाशी ठेवलं आणि जनावरांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर तरुण होता. त्याने पोट चाचपलं, कानाला नळ्या लावून बराच वेळ ऐकलं. म्हणाला, "मावशी, सशाचं पोट सतत चालू लागतं. भीतीने हा खायचं बंद करतो आणि खाणं बंद झालं की पोट थांबतं. पोट थांबलं की मग आपल्या हातात फार वेळ नसतो."

"म्हणजे भुंकण्याने मरेल?"

"कुत्र्याने हात न लावताही मरू शकतो."

त्याने औषध दिलं, सिरिंजने भरवायची पावडर दिली आणि कुत्रं दूर ठेवा म्हणून सांगितलं. मुलीला फोन केला तर ती रडायला लागली. "आई, कुत्रं परत दे ना मामाला." हे म्हणाले, "त्यापेक्षा ससा कोणाला तरी देऊ, कुत्रं कामाचं आहे." मी दोघांनाही गप्प केलं. बोली मोडली असेल तर कुत्रं परत जाईल, पण आधी बोली नेमकी कुठे मोडली ते मला समजायला हवं होतं. न समजता मी जनावर परत करत नाही.

मुलीची खोली सशाला दिली. दाराच्या फटीला गोधडी लावली. एका खोक्याला दोन बाजूंनी दारं कापली, कारण डॉक्टर म्हणाला की एकाच दाराच्या बिळात ससा स्वतःला अडकलेला समजतो. ही गोष्ट मला फार आवडली. लपायला जागा असणं पुरेसं नाही, तिथून निसटायलाही जागा हवी. दोन तासांनी सिरिंज. तो तोंड फिरवायचा, मी मानेखाली हात घालून गालाच्या बाजूने थोडं थोडं सोडायचे. माझ्या साडीवर हिरवी वाळलेली धार उतरायची. एका संध्याकाळी पहिली लेंडी पडली, पूर्ण मिऱ्याएवढी. मी ती उचलून ह्यांना दाखवायला दुकानात घेऊन गेले. हे गिऱ्हाइकाला पनीर देत होते. "अगं, आधी हात धू," म्हणाले, आणि मग हळूच, "खरंच का?"

ससा खायला लागला, पण कुत्रं भुंकलं की अजून धप्प आपटायचा आणि नाक थांबायचं. सशाचं नाक कधी थांबत नाही. थांबलं की समजायचं, आतून तो सगळा थांबला आहे. आता मला एक प्रश्न पडला. दोघांना आयुष्यभर दोन खोल्यांत ठेवायचं का? डॉक्टरला विचारलं तर त्याने सांगितलं, आधी वासाची ओळख करून द्या. मग कुत्र्याच्या अंगाखालचं पोतं सशाच्या खोलीत दूरच्या कोपऱ्यात ठेवलं आणि त्याच्याजवळ कोथिंबीर ठेवली. पहिले दोन दिवस कोथिंबीर वाळून गेली. तिसऱ्या दिवशी गेलेली होती. सशाच्या अंगावरून फिरवलेलं फडकं कुत्र्याच्या भाकरीच्या ताटलीखाली ठेवलं. कुत्र्याने भाकरी खाल्लीच नाही. हे मला विचित्र वाटलं. भुकेलं कुत्रं, समोर ज्वारीची भाकरी आणि दूध, आणि ते ताटलीपासून मागे सरकतंय.

मग मी दुकानातले दुधाचे रिकामे क्रेट आणले आणि दिवाणखान्याच्या मधोमध कमरेएवढी भिंत रचली. क्रेटला भोकं असतात, दोन्हीकडून थोडं दिसतं. एका टोकाला कुत्रं, साखळी माझ्या हातात. दुसऱ्या टोकाला सशाच्या खोलीचं दार उघडं, खोकं दारात, मेथी खोक्याच्या तोंडाशी. कुत्रं गप्प असेपर्यंत मी त्याला भाकरीचा तुकडा द्यायचे. भुंकलं की तुकडा बंद, आणि साखळी घेऊन आम्ही दोघं अंगणात. रोज दुपारी, दुकान बंद असतं तेव्हा. हे म्हणायचे, "शाळा सुरू झाली." मी माझ्या दोन्ही विद्यार्थ्यांना बघत बसायचे. ससा दारातून नाक बाहेर काढून मेथीचं पान ओढून आत न्यायचा. एक दिवस त्याने ते आत न नेता दारातच खाल्लं.

आठवडाभराने ससा क्रेटच्या भिंतीपर्यंत आला. मी साखळी आवळली. कुत्रं भुंकलं, जोरात. आणि तेव्हा, भुंकणाऱ्या तोंडाकडे न बघता, मी सवयीने त्याच्या पायांकडे बघितलं.

बाजारात मारका बैल ओळखायचा तर शिंगांकडे बघायचं नसतं. त्याचं वजन कुठे आहे ते बघायचं. मारायला येणारं जनावर पुढच्या पायांवर येतं. या कुत्र्याचं सगळं वजन मागच्या पायांवर होतं. शेपटी पोटाखाली. ते भुंकत होतं आणि मागे सरकत होतं, साखळी माझ्याकडे ओढत होतं, भिंतीकडे नाही. ससा दोन क्रेटमधल्या फटीतून त्याच्याकडे बघत होता, आणि त्या कुत्र्याने माझ्या पायाशी येऊन फरशीवर लघवी केली.

ससा कुत्र्याला घाबरत होता, हे दिसत होतं. कुत्रं सशाला घाबरतंय, हे मला एवढे दिवस दिसलं नव्हतं. दीड-दोन किलोच्या सशाला. मी खाली बसले, त्याला जवळ घेतलं आणि पहिल्यांदाच नीट चाचपलं, गाय चाचपतात तसं. मानेखाली, गळ्याच्या पुढच्या बाजूला बोटभर रुंदीची केस नसलेली रेघ होती. तिथे बोट लागताच ते जमिनीला चिकटलं.

भाऊ शेतात असतो त्या वेळी मी भावजयीला फोन केला.

"वन्सं, ससा कसा हाय?" तिने आधी हेच विचारलं.

"ससा बरा आहे. कुत्र्याच्या गळ्याला काय झालं होतं?"

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली.

"त्यांना सांगू नगा, मी सांगितलं म्हणून."

"नाही सांगत."

"लहान होतं तवा त्यानं आमची एक कोंबडी धरली. मेली ती. मग ह्यांनी तीच कोंबडी त्याच्या गळ्यात बांधली. सुतळीनं. खोड मोडायला. वास सुटला, माश्या झाल्या, ते रात्रभर कण्हायचं. मी म्हणलं सोडा, तर म्हणले, अजून न्हाई. तवापास्नं ते कोंबडीकडं बघत न्हाई. सोडलेलं असलं तर लांब पळतंय. तुमी आला तवा बांधलेलं हुतं, म्हणून पळता आलं न्हाई."

मी फोन ठेवला आणि त्या दुपारी शाळा घेतली नाही. कोंबडीकडे बघतसुद्धा नाही, असं भाऊ म्हणाला होता. खरं बोलला होता. चार माणसांसमोर दिलेला शब्द अक्षरशः खरा होता. मी ज्याला गरीबपणा समजून पसंत केलं, ती दहशत होती. मोकळ्या शेतात ते लांब पळू शकत होतं. माझ्या दिवाणखान्यात ससा स्वतःहून त्याच्याकडे चालत आला, तीन उड्या आणि थांबणं, आणि त्याला पाठीमागे फक्त भिंत होती.

मला डॉक्टरचं दोन दारांचं खोकं आठवलं. मी कुत्र्यासाठीही जागा केली. क्रेटची भिंत सरकवली, अंगणाचं दार उघडं ठेवलं आणि साखळी लांब सोडली. ससा पुढे आला की कुत्र्याने हवं तर बाहेर जावं. पहिले काही दिवस ते जायचं. मग उंबऱ्यावर थांबून बघायला लागलं. भुंकणं बंद झालं नाही, पण त्याचा आवाज बदलला. एक-दोनदा भुंकून ते माझ्याकडे बघायचं, जसं काही विचारतंय. तिकडे ससाही बदलला. भुंकलं की कान फक्त मागे जायचे, नाक चालूच राहायचं. गेल्या रविवारी दुपारी तो क्रेटच्या अलीकडे मागचे पाय लांब टाकून एका कुशीवर पडला. सशाने असं पडणं म्हणजे त्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे. मुलीला फोटो पाठवला. तिने विचारलं, "आणि कुत्रं?" मी लिहिलं, उंबऱ्यावर, आणि तोंड आतल्या बाजूला.

त्याच दिवशी संध्याकाळी भाऊ आला. कडबाकुट्टीचा पट्टा तुटला होता, जुना एखादा माझ्याकडे पडला आहे का बघायला. कुत्र्याने त्याला बघितलं आणि ते क्रेटच्या मागे गेलं, सशाच्या बाजूला. ससा हलला नाही.

"रुळलं की, आक्का," भाऊ म्हणाला. "मी म्हणलं नव्हतं?"

"त्याच्या गळ्यात कोंबडी बांधली होतीस."

त्याने मान वर केली. "कुणी सांगितलं?"

"त्याच्या गळ्याने."

"मग? बोलीत काय खोटं हुतं सांग. कोंबडीकडं बघतं का?"

"सशाबद्दल विचारलं होतं मी. माझा ससा मरत होता."

"मी त्याला ससा कधी दाखवलाच न्हाई, मला काय म्हाईत. तू कोंबडी बांधली का म्हणून विचारलं नव्हतंस," तो म्हणाला, आणि हसला. मग हसणं थांबवून म्हणाला, "आन् आपल्या दादांनी न्हवती बांधली? आपल्या काळ्याच्या गळ्यात? तवा तू टाळ्या पिटीत हुतीस."

हे खरं आहे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. काळा कुत्रा गळ्यातली कोंबडी उडवत अंगणात गोल गोल फिरत होता आणि आम्ही भावंडं हसत होतो. दादांना, म्हणजे आमच्या वडिलांनाही कोणीतरी तसंच शिकवलं असणार. काळ्यानेही पुढे कोंबडीकडे बघितलं नाही, आणि आम्ही सगळे म्हणायचो, किती शहाणा कुत्रा. मी हे विसरले होते. भावाने आठवण करून दिली, त्याबद्दल मी त्याच्यावर चिडले नाही. बाकी सगळ्याबद्दल चिडले. पट्टा त्याच्या हातात दिला आणि एकच प्रश्न विचारला.

"किती दिवस बांधली होतीस?"

तो म्हणाला, "आता काय आठवतंय." मी परत विचारलं. तो चप्पल घालायला लागला.

कडबाकुट्टी मला परत नको. कुत्रंही परत देणार नाही, ते आता माझं आहे. पण डॉक्टरला मी विचारलं होतं, हे किती दिवसांत पूर्ण बरं होईल, आणि तो म्हणाला होता, त्याच्यावर किती दिवस काय झालं ते कळलं तर काही अंदाज बांधता येईल. भावजयीला नीट आठवत नाही, की सांगायची भीती वाटते, ते मला माहीत नाही. काळ्याच्या गळ्यातली किती दिवस होती, तेही मला आठवत नाही, आणि विचारायला वडील राहिले नाहीत. भाऊ आहे. सुतळी त्याने बांधली आणि त्यानेच सोडली. तो फोन उचलत नाही, म्हणून इथे लिहिते आहे, चार माणसांसमोर. दोन दिवस? चार? आठ? आकडा सांग.